काम निसटते कोठे?

गेल्या अंकात या सदरात ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. सर्व नोंदी वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी तपासाव्यात, अशी सूचना लेखाच्या ओघात केली होती. त्यानंतर चार-पाच वाचकांचे दूरध्वनी आले. नामनिर्देशनाविषयी कोणी फारसे विचारले नाही. बहुतेकांची विचारणा निराळीच होती. असे ठरलेले दिवस ध्यानात राहावेत म्हणून फोनमध्ये कोणते अ‍ॅप घ्यावे? जयसिंगपूरच्या एका भगिनींचा प्रश्न तर अधिक नेमका होता. "काका, माझ्या फोनमध्ये अशी तीन अ‍ॅपं आधीच आहेत. तरी कामं राहतातच. आता चौथं कोणतं घेऊ?"

चौथे घेऊ नका, असे उत्तर मी तत्काळ दिले. परंतु ते अपुरे होते हे फोन ठेवताच जाणवले. या विषयावर बोलण्याचा जो काही अधिकार मला आहे, तो एका नुकसानीतून मिळालेला आहे. ती हकीकत आधी सांगतो.

माझ्या सौभाग्यवतींच्या नावे आरोग्यविम्याची स्वतंत्र पॉलिसी होती. नूतनीकरणाची तारीख मी नोंदवलेली होती, हे येथे मुद्दाम सांगतो. त्या काळात माझ्या नोंदी फोनमध्ये चार ठिकाणी विखुरलेल्या होत्या. काही कॅलेंडरमध्ये, काही टिपणांच्या अ‍ॅपमध्ये, काही चिरंजिवांनी हौसेने घालून दिलेल्या कामांच्या अ‍ॅपमध्ये आणि उरलेल्या मी स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत. मध्यंतरी फोन बदलला. नव्या फोनवर बाकी सर्व आले, कामांचे अ‍ॅप तेवढे उतरवून घ्यावयाचे राहिले. विम्याची नोंद नेमकी त्यातच होती. कंपनीची पत्रे माझ्या जुन्या, मी उघडत नसलेल्या ई-मेल पत्त्यावर जात होती. हप्त्याची तारीख गेली, ग्रेस पीरियड म्हणतात ती तीस दिवसांची वाढीव मुदतही गेली. नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि तिच्यातील मोतीबिंदूसाठीचा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाऊ लागला. सात महिन्यांनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करावी लागली. सर्व खर्च पदरचा झाला.

सौभाग्यवती रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अहो, बँकेत चौतीस वर्षं लोकांच्या तारखा सांभाळल्यात. घरची एकच होती."

हे वाक्य मला पैशापेक्षा अधिक लागले, कारण ते अक्षरशः खरे होते. आमच्या वेळी शाखेच्या कर्जविभागात ड्यू डेट डायरी नावाची एक जाडजूड नोंदवही असे. प्रत्येक तारखेला एक पान. कर्जदाराने लिहून दिलेल्या मागणी वचनचिठ्ठीवर दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षांची असते. त्या मुदतीच्या आत कर्जदाराकडून कर्जाची लेखी, सहीनिशी कबुली घेतली नाही, तर बँकेचा दावा कायद्याने मुदतबाह्य ठरतो. म्हणून ही नोंद कर्जदाराच्या नावापुढे न करता, मुदत संपण्यापूर्वी तीन महिन्यांच्या तारखेच्या पानावर केली जाई. तारण मालाच्या विम्याची मुदत, दरमहाचे साठापत्रक, यंत्रसामग्रीच्या तपासणीचा दिवस, सारे त्याच वहीत. सकाळी दप्तर उघडले की ते पान पाहून त्यावर आद्याक्षरी करावयाची आणि मगच इतर कामांना हात घालावयाचा. अधिकारी रजेवर असला तर त्याच्या जागी बसणारा तेच पान उघडे. संगणकीकरणानंतर ही वही गेली; पण तिच्या भरवशावर मी कित्येक वर्षे शांत झोपलो.

घरी मला तीच शिस्त का लाभली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. नोंद करण्यात मी चुकलो नव्हतो. माझी नोंद मजपुढे येत नव्हती, एवढेच घडले होते. चिरंजिवांनी घालून दिलेले अ‍ॅप उत्तम होते; जगभर लोक ते वापरतात. परंतु ते ज्या अडचणीवर उपाय होते, ती माझी अडचण नव्हतीच.

म्हणून माझे असे मत झाले आहे की, कोणते अ‍ॅप चांगले हा प्रश्न दुसरा. आपले काम नेमके कोठे निसटते, हा पहिला. माझ्या पाहण्यात काम तीन ठिकाणी निसटते. काहींचे ते नोंदीपूर्वीच निसटते: जिना उतरताना आठवते, भाजी घेऊन परत येईतो विसरते. काहींचे नोंद होऊनही निसटते, कारण नोंद पुन्हा दृष्टीस पडत नाही. आणि काहींचे दुसऱ्याच्या हाती सोपविल्यावर निसटते: गवंड्याला सांगितले, भाच्याला सांगितले, वकिलांकडे कागद दिले, आणि आपल्यापुरते काम संपले असे मनाने धरून टाकले.

आपण कोणत्या गटात आहोत हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. मलाही वाटत होते की माझी स्मरणशक्ती उणावली आहे. निदान करण्याचा एक साधा मार्ग आहे. अ‍ॅप घेण्यापूर्वी पंधरा दिवस खिशात दोनशे पानांच्या वहीचे तुकडे केलेली छोटी वही ठेवावी. जे काम राहिले, उशिरा झाले किंवा कोणी आठवण करून दिल्यावर झाले, तेवढेच लिहावे आणि पुढे कारण लिहावे: लिहिलेच नव्हते, लिहिले पण पाहिले नाही, की दुसऱ्याकडे होते. झालेली कामे लिहू नयेत. त्यांपासून शिकण्यासारखे फारसे नसते. पंधरा दिवसांनी तीन रकान्यांची बेरीज करावी. ताळेबंद लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे मला या बेरजेत रस वाटतो, हे मान्य करतो. परंतु ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनाही ही बेरीज दोन मिनिटांत जमेल.

नोंदीपूर्वीच काम निसटत असेल, तर अ‍ॅपचे बाकीचे गुण बाजूस ठेवून एकच पाहावे: फोन हातात घेतल्यापासून नोंद पुरी होईपर्यंत किती वेळ लागतो. गूगल टास्क्स यासाठी पुरेसे आहे. त्याचे छोटे चौकट फोनच्या पहिल्याच पडद्यावर ठेवता येते, आणि कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले तर बोललेले देवनागरीत उमटते. आमच्या सौभाग्यवती टंकलेखन करीत नाहीत. त्या स्वयंपाकघरातून फोनकडे तोंड करून "गिरणीतून दळण आणायचे" असे सांगतात आणि ते लिहिले जाते. क्वचित "दळण"चे भलतेच काही होते, पण अर्थबोध होतो. फोन बदलला तरी या नोंदी गूगलच्या खात्याबरोबर आपोआप नव्या फोनवर येतात, हे माझ्यासारख्या पोळलेल्याने आवर्जून सांगितले पाहिजे. तारीख घातलेली नोंद गूगलच्या कॅलेंडरमध्येही दिसते.

माझ्यासारखे, नोंद करून ती न पाहणारे, यांच्यासाठी मला मायक्रोसॉफ्ट टू डू अधिक मानवले. त्यात माय डे नावाचे एक पान आहे, ते दररोज मध्यरात्री कोरे होते. प्रथम मला हा दोष वाटला. काल निवडलेली कामे आज त्या पानावर नाहीत म्हणजे काय? पुढे ध्यानात आले की कामे पुसली जात नाहीत. ती आपापल्या यादीत असतातच, आणि राहिलेली व आज मुदत असलेली कामे सुचविलेल्या कामांत दाखविली जातात. त्यांतून आजची चार-पाच आपण स्वतः उचलून त्या कोऱ्या पानावर ठेवावयाची. यंत्राने आपोआप पुढे ढकललेली वीस कामांची यादी डोळ्यांना सवयीची होते आणि मग ती दिसेनाशी होते. स्वतः उचललेले काम दिसते. मला यात सकाळच्या त्या आद्याक्षरीची आठवण झाली. चहा झाला की वर्तमानपत्राच्या आधी हे पान, असा क्रम मी लावून घेतला आहे. वर्तमानपत्र आधी उघडले तर दिवस गेलाच.

या अ‍ॅपला मी पसंती देण्याचे दुसरेही कारण आहे. त्यातील एखादी यादी दुसऱ्या माणसाबरोबर सामाईक ठेवता येते. घरातील तारखांची यादी आम्हा उभयतांच्या फोनवर एकच आहे. कर्ता पुरुष गेल्यानंतर विम्याच्या, ठेवींच्या, लॉकरच्या तारखा त्याच्या कुलूपबंद फोनबरोबर गेल्या, असे प्रसंग मी बँकेच्या टेबलामागून अनेकदा पाहिले आहेत. त्या वेळी पत्नी समोर बसलेली असते आणि तिला काय विचारावे हेही आपल्याला सुचत नाही.

टूडूइस्ट हे तिसरे नाव. आमचे एक पुतणे सनदी लेखापाल आहेत, ते यावाचून राहू शकत नाहीत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचा इतका बारकाईने विचार केलेले दुसरे अ‍ॅप मी पाहिलेले नाही. दर तीन महिन्यांनी करावयाची दोन कामे घ्या. विम्याचा तिमाही हप्ता हा ठरलेल्या तारखेलाच येणार. मागील हप्ता आपण दहा दिवस उशिरा भरला म्हणून पुढील हप्ता दहा दिवस पुढे जात नाही. मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी मात्र मागील तपासणी ज्या दिवशी झाली तेथून मोजावयाची. टूडूइस्टमध्ये इंग्रजीत 'एव्हरी' लिहिले तर पहिला हिशेब लागतो, आणि 'एव्हरी'पुढे उद्गारचिन्ह दिले तर दुसरा. एका उद्गारचिन्हाचा हा फरक समजला तेव्हा मला व्याजगणनेतील बारकावा समजल्यासारखा आनंद झाला. मात्र तारीख वाक्यातून ओळखण्याची ही सोय मराठी वाक्याला नाही; कामाचे नाव देवनागरीत लिहून तारीख हाताने निवडावी लागते. फुकट आवृत्तीत काय मिळते व कशाला पैसे पडतात, हे घेतेवेळी पाहून घ्यावे, कारण या अटी बदलत असतात.

दुसऱ्याच्या हाती गेल्यावर निसटणाऱ्या कामांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या वाचकांपैकी बरेच जण कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या समितीवर असतात. गतवर्षी आमच्याकडील एका विद्यार्थी वसतिगृहाच्या दुरुस्तीचे काम निघाले. आम्ही पाच जण समितीत. सुरुवातीस व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. महिनाभरात त्यावर सुप्रभातीची चित्रे, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि "झाले का?" एवढेच उरले. प्लंबरचा अंदाज कोणी पाठविला होता, तो शोधण्यात अर्धा तास जाई. पुढे पुतण्याने ट्रेलो सुचविले. २०११ साली सुरू झालेले हे साधन २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीने घेतले. याचे मूळ टोयोटा कारखान्यातील कानबान पद्धतीत आहे. ताइइची ओनो या अभियंत्याने ती घडविली. कानबान म्हणजे जपानीत पाटी.

पडद्यावर एक फळा, फळ्यावर उभे रकाने, रकान्यांत कामाच्या चिठ्ठ्या. आम्ही रकाने असे केले: ठरले, अंदाज मागविला, काम चालू, देयक बाकी, पूर्ण. प्रत्येक चिठ्ठीवर समितीतील एकाचे नाव. तीन आठवड्यांनी फळा पाहिला तेव्हा एक गोष्ट कोणी न सांगता दिसली. 'अंदाज मागविला' या रकान्यात चौदा चिठ्ठ्या तुंबल्या होत्या आणि 'काम चालू'मध्ये दोनच. आम्ही नळाची तोटी बदलण्यासाठीही तीन ठिकाणचे अंदाज मागवीत होतो. तो नियम मीच, बँकेच्या सवयीने, आग्रहाने घातला होता. पाच हजारांच्या आतील कामास एकच अंदाज पुरे, असा ठराव झाला आणि रकाना पंधरवड्यात मोकळा झाला. वहीने हे दाखविले नसते. समितीतील एक ज्येष्ठ अण्णा स्मार्टफोन वापरीत नाहीत. ते लिपिकाला फोन करतात आणि लिपिक त्यांची चिठ्ठी सरकवतो. यात काही बिघडत नाही.

एकट्याच्या घरगुती कामांसाठी मात्र ट्रेलो घेऊ नये. दूध आणि वर्तमानपत्राची देयके पाच रकान्यांतून सरकवीत बसणे हा वेळेचा अपव्यय होय. नोशनविषयी तर मी अधिकच साशंक आहे. त्यात कोरे पान मिळते आणि आपली व्यवस्था आपणच उभारावयाची असते. चिरंजिवांनी दोन रविवार खर्चून त्यात सुंदर रंगीत तक्ते केले. तिसऱ्या रविवारी तक्त्यांना चित्रे लावली. कामे सोमवारी जशी होती तशीच होती. ज्यांना लेखन-संशोधनाची सामग्री एकत्र ठेवावयाची असते त्यांना ते उपयोगी पडते, हे खरे.

आता एक प्रकार असा की जो कोणत्याही अ‍ॅपला दाद देत नाही. माझ्या यादीत 'इच्छापत्र' हा शब्द चौदा महिने होता. रोज सकाळी तो दिसे आणि रोज मी त्यास वगळून पुढे जाई. डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकन लेखकाचे 'गेटिंग थिंग्ज डन' हे २००१ मधील पुस्तक या क्षेत्रात प्रमाण मानले जाते. त्यातील एक सूचना मला फार उपयोगी पडली: यादीत विषय लिहू नका, हाताने करता येईल अशी पुढची कृती लिहा. मी 'इच्छापत्र' खोडून 'वकिलांना फोन करून गुरुवारची वेळ घेणे' असे लिहिले. ते त्याच दिवशी झाले. २०११ साली मॅसिकॅम्पो व बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखविले होते की, अपुरे काम मनात घोळत राहते. परंतु ते कसे करावयाचे याची नेमकी योजना केली की, काम प्रत्यक्ष झालेले नसतानाही ते घोळणे पुष्कळ कमी होते. इच्छापत्राला त्यानंतरही दोन महिने लागले, पण त्या दोन महिन्यांत मला त्याचा जाच झाला नाही.

कोणतेही अ‍ॅप घेतले तरी काही गोष्टी पहिल्याच दिवशी तपासाव्यात. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचविण्यासाठी न वापरलेली अ‍ॅप झोपवून ठेवतो आणि मग स्मरणाची घंटा वेळेवर वाजत नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपपुरते हे बंधन काढावे. दहा मिनिटांनंतरचे आणि उद्या सकाळचे, अशी दोन स्मरणे लावून, फोनचा पडदा बंद करून ठेवून परीक्षा घ्यावी. कामाच्या नावात खाते क्रमांक, पासवर्ड, पिन कधीही लिहू नये. 'ठेव, अखेरचे अंक ४४१२' इतके पुरते. स्मरण आले की ते शब्द कुलूपबंद पडद्यावरही कोणालाही वाचता येतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आणि अ‍ॅपही मरतात. वुंडरलिस्ट नावाचे बर्लिनमधील कंपनीचे अतिशय लोकप्रिय अ‍ॅप होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि ६ मे २०२० रोजी ते बंद केले. टू डूमध्ये नोंदी हलविण्याची सोय दिली होती, पण ज्यांनी पाहिलेच नाही त्यांचे काय झाले असेल? म्हणून आपल्या नोंदी बाहेर काढून घेता येतात का, हे विचारावे. टूडूइस्टमधून त्या तक्त्याच्या रूपात निघतात. गूगलच्या टेकआउट सोयीतून टास्क्सच्याही निघतात. मी दर एप्रिलमध्ये घरच्या तारखांचे एक पान छापतो. नोव्हेंबरातील हयातीचा दाखला, ३१ जुलैपर्यंतचे प्राप्तिकर विवरणपत्र, ठेवींच्या मुदती, लॉकरचे भाडे, घरपट्टी, गाडीचा विमा, आणि सर्वांत वर सौभाग्यवतींच्या पॉलिसीची तारीख. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले असते. चिरंजीव हसतात. हसोत.

जयसिंगपूरच्या भगिनींना मी पंधरा दिवसांच्या वहीचा उपाय कळविला होता. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या वहीत राहिलेली बहुतेक कामे तिसऱ्या रकान्यात गेली होती. लिहावयास त्या विसरत नव्हत्या, पाहावयासही नाही. सांगितलेल्या माणसाकडून काम झाले की नाही, हे विचारावयाचे राहत होते. तीनपैकी दोन अ‍ॅप त्यांनी काढून टाकली. उरलेल्या एकात 'कोणाकडे काय' अशी एक यादी केली असून ती शनिवारी दुपारी उघडावयाची असे ठरविले आहे. "पहिल्याच ओळीत पंपाचा मेकॅनिक आहे, काका. तीनदा सांगितलंय," असे त्या म्हणाल्या. चौथ्यांदा सांगताना दिवस आणि वेळ त्याच्याच तोंडून वदवून घ्या, असे मी सुचविले आहे.

पुढील अंकी लॉकरच्या कराराविषयी लिहीन.